तेहतीस दुरुस्त्यांचं गुप्तदान

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात गुप्तदान करायचं, असं द्वारकाबाईंनी ठरवलं खरं, पण कुरुंद्यात राहून गुप्तदान करणं किती अवघड असतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

दोनच महिन्यांपूर्वी महादेवाच्या देवळापुढच्या मंडपाला कोणीतरी नवे पत्रे दिले होते. पावती फाडली 'एक हितचिंतक' या नावानं. झालं, तेव्हापासून भिवाजी हॉटेलवाल्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. तो देवस्थानच्या कमिटीवर होता, आणि आपल्या मंडपावर कोणाचे पत्रे आहेत हे आपल्यालाच माहीत नसावं, ही गोष्ट त्याला रात्रंदिवस टोचत होती. पत्रे घेऊन आलेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरला त्यानं दोनदा चहा पाजला. ड्रायव्हरनं दोन्ही वेळा चहा पिऊन एवढंच सांगितलं, की माल नांदेडहून आला. भिवाजीनं संशयितांची यादी अकरा नावांवर आणून ठेवली होती आणि त्या अकराही जणांना चहात साखर जरा जास्त मिळत होती.

अशा गावात तेहतीस अनारसे दिले तर गल्ली ते मोजणार, कोणाला दिले ते विचारणार आणि तुपात तळले की तेलात, तेही वासावरून सांगणार. मागच्या धोंड्याला द्वारकाबाईंनी भाचेजावयाला ताट दिलं होतं, त्याचा हिशेब बायका अजून काढत. म्हणून यंदा त्यांनी देवापुढे दिवा लावून संकल्प सोडला: तेहतीस दानं, ज्याला कधी पाहिलं नाही त्याला, आणि कोणाला कळता कामा नये. कळलं की संपलं. पण काय द्यायचं, ते मात्र सुचत नव्हतं. एकवेळ जेवण, सकाळी पोथी, संध्याकाळी दीपदान असे दिवस चालले होते आणि महिना पुढे सरकत होता.

वाट सापडली ती शेजारच्या मिराबाईंमुळे. मिराबाई द्वारकाबाईंपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. दोन वर्षांपासून त्यांची नजर मंदावली होती. नांदेडचा भाऊ येऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणी, पण पोथीची अक्षरं काही परत आली नाहीत. द्वारकाबाईंचा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असे; घरात असलेली सून आरोही वसमतला कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. तिनं मिराबाईंच्या मोबाईलमध्ये 'श्रवणी' नावाचं ॲप टाकून दिलं. पोथीच्या पानावर मोबाईल धरला की ते मोठ्यानं वाचून दाखवी. निदान तसं ते दाखवील, असं मदतीच्या पानावर लिहिलेलं होतं. त्या पानाप्रमाणे करत गेलं, की मोबाईल एकतर मुका व्हायचा नाहीतर बंदच पडायचा.

"हे लिहिलंय कोणी असं?" द्वारकाबाईंनी वाती वळता वळता विचारलं.

"कुण्या कंपनीचं न्हाई मामी ते," आरोही म्हणाली. "जगातल्या लोकांनी मिळून बनवलंय, फुकट. पानं बी लोकच लिहितात, इंग्रजी पानांना मी बी कधीमधी हातभार लावते. कोणाला चूक दिसली तर त्यानं दुरुस्ती पाठवायची. सांभाळणारे चारजण आहेत, ते बघतात आन बराबर असली तर घेतात."

"मग त्याला काय मिळतं?"

"काहीच न्हाई."

"आन ते वाचतं कोण?"

"ज्याला लागंल तो. कुठला कोण, आपल्याला दिसत बी न्हाई."

द्वारकाबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. त्या दिवशी संध्याकाळी त्या देवापुढे जरा जास्त वेळ हात जोडून बसल्या.

मोबाईलवर मराठी लिहिणं त्यांना नवीन नव्हतं. सत्तावीस वर्षं त्या अंगणवाडीत सेविका होत्या आणि शेवटची काही वर्षं लेकरांची वजनं मोबाईलवर भरण्यातच गेली होती. दुरुस्ती कशी पाठवायची, ते आरोही घरी आलेल्या क्लासमधल्या एका पोरीला शिकवत होती, तेव्हा त्यांनी पाहून घेतलं. मग चार दुपारी त्या मिराबाईंच्या ओसरीवर बसल्या. पानावरची एकेक पायरी मिराबाईंकडून करून घ्यायची आणि जिथे त्या अडतील तिथे वहीत खूण करायची. मिराबाईंना वाटलं, द्वारका आपल्याला मोबाईल शिकवते आहे.

पान म्हणे, कोपऱ्यातलं दातेरी चाक दाबा. मोबाईलवर चाक नव्हतंच, तीन टिंबं होती. पान म्हणे, मोबाईल कागदापासून तीस सेंटिमीटरवर धरा. मिराबाई म्हणाल्या, "तेवढं मोजाया मला दिसलं असतं तर पोथीच न्हाई का वाचली असती?" द्वारकाबाईंनी लिहिलं, एक वीत आणि वर चार बोटं. पान म्हणे, काही क्षण थांबा. काही क्षण म्हणजे किती, ते न कळून मिराबाई फारच लवकर बोट लावत. द्वारकाबाईंनी लिहिलं, मनात अकरा वेळा नाव घेऊन मग बोट लावा. सगळ्यात शेवटी सरावासाठी एक वाक्य होतं, ते दाबलं की मोबाईल बोलायचा, "नमस्कार, जग." ते ऐकून मिराबाई ढिम्म बसून राहत. कोण कोणाला नमस्कार करून राहिलं, आपला काय संबंध, असा त्यांचा चेहरा. द्वारकाबाईंनी विचार केला, नावानं हाक मारल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाचं लक्ष कसं जाईल? त्यांनी त्या जागी लिहिलं, "मिराबाई, चहा झाला का?" आणि मोबाईलनं वाचून पाहायला आणखी एक ओळ घातली, हळदीच्या पोत्यावरच्या चिठ्ठीची.

अशा मोजून तेहतीस जागा निघाल्या. द्वारकाबाईंना तो देवाचाच इशारा वाटला.

खातं उघडताना नाव मागितलं. देवळाच्या फलकावर असल्या दात्यांपुढे जे लिहितात तेच त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, गुप्तदान, आणि पुढे तेहतीसचा आकडा. एकादशीला पहाटे अंघोळ, पूजा उरकून त्यांनी दुरुस्त्या पाठवायला घेतल्या. एकत्र नव्हे, एकेक करून तेहतीस वेळा, कारण सगळ्या एकात बांधल्या असत्या तर ते एकच दान झालं असतं. प्रत्येकीखाली लिहिलं, "स्वीकार व्हावा." दुपारपर्यंत सगळ्या गेल्या आणि त्या हलक्या मनानं पोथी उघडून बसल्या.

पहिला अध्याय संपतो न संपतो, तोच मोबाईल टिंग करून वाजला. मग परत वाजला. श्रवणीच्या दारात एक यंत्र बसवलेलं होतं. पहिल्यांदा येणाऱ्याचं ते आपोआप स्वागत करी, त्याचं अभिनंदन करी आणि आपलं नाव लवकरच मानकऱ्यांच्या यादीत झळकेल असं सांगे. द्वारकाबाई तेहतीस दारांनी आत गेल्या होत्या, म्हणून यंत्रानंही तेहतीस वेळा अभिनंदन केलं. अंगणात हळद निवडत बसलेले त्यांचे यजमान तातेराव मान वर करून म्हणाले, "कोणाचं लगीन ठरलं का? एवढे मेसेज काहून येऊन राहिले?"

"असंच," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल उशीखाली ठेवला. तातेरावांना काही सांगायची सोय नव्हती. माणूस सोन्यासारखा, पण पोटात काही ठरत नसे. घरात सकाळी फोडणी जळली तर नऊ वाजता भिवाजीच्या हॉटेलात त्याची चर्चा असे.

संध्याकाळी दिवे लावून त्यांनी मोबाईल काढला तर खातं बंद केलेलं. सांभाळणाऱ्यांचं इंग्रजीत पत्र होतं. अक्षरांवर बोट दाबून धरलं की मोबाईल ते मराठीत करून देई. पत्र सभ्य होतं. एवढ्या बारीक दुरुस्त्या एका सकाळी वेगवेगळ्या पाठवणारं बहुतेक वेळा यंत्र असतं, असं त्यात लिहिलं होतं. नाहीतर टी-शर्टासाठी आलेला माणूस असतो, कारण दरवर्षी एका स्पर्धेत दुरुस्त्या मोजून टी-शर्ट वाटतात आणि त्यापायी लोक स्वल्पविरामसुद्धा पुढेमागे करून पाठवतात. आपण माणूस आहात का? असाल तर कोण? आणि आपल्याला काय हवं आहे?

खोटं बोलायचं नाही, आणि धोंड्यात तर नाहीच. द्वारकाबाईंनी विचार करून उत्तर लिहिलं, "माणूस आहे. नाव सांगता येणार नाही. काही नको. टी-शर्ट तर मुळीच नको, मी लुगडं नेसते."

जगात ज्याला काही नको असतं आणि जो नाव सांगत नाही, त्याच्यावरच लोकांचा सगळ्यात जास्त संशय जातो. शिवाय द्वारकाबाईंना ते पत्र घरच्या पत्रासारखं वाटलं होतं, पण ते लागलं होतं चव्हाट्यावर. उत्तरही तिथेच जाऊन लागलं. दोन दिवसांत त्याखाली दूरदूरच्या माणसांचा गराडा पडला. कोणी म्हणे हे यंत्रच, कोणी म्हणे यंत्राला लुगडं कशाला. अकरा वेळा नाव घ्या म्हणजे कोणाचं, असं एका परदेशी माणसानं विचारलं. त्यावर द्वारकाबाईंना राहवलं नाही, म्हणून त्यांनी पत्रापुरत्या उघड्या ठेवलेल्या जागेतून उत्तर दिलं, "ज्याचं त्याचं." त्या माणसानं आपल्या मोबाईलवर तसं करून पाहिलं आणि कळवलं, की वेळ बरोबर जमते. मग नागपूरच्या कोणीतरी गुप्तदान म्हणजे काय ते सगळ्यांना इंग्रजीतून समजावून सांगितलं आणि वर लिहिलं, की हळदीच्या पोत्यावरची चिठ्ठी बघता हा माणूस हिंगोलीकडचा असावा. आता तर लोकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. फुलं, बदाम, हात जोडलेली चित्रं येऊन पडायला लागली. चर्चेचं नाव पडलं, 'गुप्तदान तेहतीस कोण?'

भिवाजी परवडला, असं द्वारकाबाईंना झालं.

सांभाळणाऱ्यांचंही मन वळलं होतं, पण त्यांचा नियम आड आला. दुरुस्ती घ्यायची तर खाली पाठवणाऱ्याचं खरं नाव हवं, नाहीतर आधीपासून काम करणाऱ्या ओळखीच्या माणसानं त्याच्यासाठी साक्षीला उभं राहायला हवं. म्हणजे नाव सांगावं तर गुप्त राहत नाही, आणि न सांगावं तर दान कोणी घेत नाही. न घेतलेलं दान ते दान नव्हेच. अमावस्येला बारा दिवस उरले होते.

"मामी, श्रवणीवर एक मजा चाललीय, पाहिली का?" आरोहीनं भाकरी थापता थापता विचारलं. तातेराव शेतावर गेले होते. "हिंगोलीकडचं कोणीतरी आहे म्हणे. लई गोड लिहिलंय. मिराबाई, चहा झाला का, असं वाक्य घातलंय सरावाला."

"असं का," द्वारकाबाई म्हणाल्या आणि चुलीतलं लाकूड उगीच पुढे सारलं.

"मिराबाई काय, गावोगाव असत्यात," आरोही म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोथीच्या आधी द्वारकाबाईंनी भीत भीत मोबाईल पाहिला. चर्चेत सगळ्यात खाली नवं पत्र होतं, कोणा ए. टी. नावाच्या जुन्या कामकऱ्याचं. "मी या माणसाला ओळखते. तिच्या हातचं रोज जेवते. यंत्राला मिठाचा असा अंदाज येत नाही. नाव विचारू नका, सांगितलं तर तिचं दान मोडेल. साक्षीला माझं नाव लावा." त्याखाली तेहतीसच्या तेहतीस दुरुस्त्यांपुढे हिरवी खूण झाली होती. स्वीकार झाला होता.

रोज हातचं जेवणारी माणसं घरात दोनच. त्यांपैकी एकजण या घडीला अंगणात मोबाईल उलटा धरून, हा आज उघडंना काहून, असं विचारत होतं. राहिली एक.

द्वारकाबाई पोथी उघडून बसल्या, पण मन लागेना. सांगितलं तर आपण कोणालाच नव्हतं. तिनं ओळखलं, पण ओळखलं असं म्हणाली नाही. मग हे कळलं यात धरायचं, की नाही? पोथीत याचा खुलासा नव्हता. शेवटी त्यांनी आपल्या मनानंच निकाल दिला. दुपारी थोडे अनारसे तळले आणि आरोही क्लासवरून आल्यावर तिच्या ताटात एक वाढला.

"हा कशाचा मामी?"

"चौतिसावा," द्वारकाबाई म्हणाल्या.

आरोहीनं तो खाल्ला. छान झालाय म्हणाली. त्यावर दोघींचं बोलणं तेवढंच.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तिकडे सांभाळणाऱ्या चौघांची बैठक बसली. इतक्या वर्षांत टी-शर्ट नको म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं, तेव्हा टी-शर्टावर खरा हक्क याच माणसाचा, असं त्यांनी एकमतानं ठरवलं. पुण्याच्या सभासदानं तो छापून घेतला आणि साक्षीदाराच्या पत्त्यावर, म्हणजे वसमतच्या क्लासवर पाठवून दिला. आरोहीची पंचाईत झाली. मामींच्या हातात द्यावा तर न बोलता ठरलेलं सगळं बोलून दाखवल्यासारखं होणार, आणि मानानं आलेली वस्तू टाकून तरी कशी द्यायची? तिनं तो घडी न मोडता घरी आणला आणि बाजेवर ठेवत म्हणाली, "क्लासवर आला होता. मामा, तुमाला बसंल बहुतेक."

तातेरावांना टी-शर्टाचं अप्रूप नव्हतं, पण वावडंही नव्हतं. बियाण्याच्या आणि खताच्या कंपन्यांचे सहा-सात त्यांच्याकडे होतेच. हा पांढरा होता, छातीवर एक छोटा कान काढलेला. "कानाचं कसलं खत असतंय?" असं म्हणत त्यांनी तो अंगात घातला आणि सायकल काढली. फाटकातून ते वळले तेव्हा द्वारकाबाईंना त्यांची पाठ दिसली. पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, वितीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: गुप्तदान ३३.

"अहो," त्यांनी हाक मारली. तातेरावांनी मागे न बघता हात वर केला आणि ते भिवाजीच्या हॉटेलाकडे गेले.

भिवाजीनं चहा ओतता ओतता ती पाठ वाचली. मग किटली खाली ठेवून पुन्हा वाचली. तो तसाच देवळाकडे गेला आणि मान वर करून मंडपाचे पत्रे मोजून आला. बत्तीस भरले. एक गेल्या अवकाळीत उडाला असणार, असं त्यानं जागच्या जागी ठरवलं. परत येऊन तो तातेरावांच्या समोर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, मंडपाचे पत्रे तुमी दिले ना?"

"म्या? न्हाई बा."

"मग हे अंगातलं?"

"सुनेनं दिलं."

"सुनेला बी माहीत हाय म्हणजे," भिवाजी बाकीच्यांकडे पाहून म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. तातेरावांनी आयुष्यभर जे होतं ते सगळं सगळ्यांना सांगितलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं, आणि त्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. ते जितकं न्हाई म्हणत तितके लोक गहिवरत. चहाचे पैसे भिवाजीनं घेतले नाहीत. भिवाजीनं पैसे घेतले नाहीत म्हटल्यावर उरलासुरला संशयही फिटला.

अमावस्येला धोंड्याचा शेवटचा दिवस. आरतीचं ताट तातेरावांच्या हाती दिलं गेलं. कमिटीनं आग्रह करून टी-शर्ट तोच घालायला लावला होता. खांद्यावर उपरणं टाकलं होतं, पण पाठ झाकू दिली नव्हती. तातेराव आरती ओवाळताना मधूनमधून बायकांच्या बाजूला बघत, की द्वारके, हे काय चाललंय. द्वारकाबाई खांबाला टेकून शांत उभ्या होत्या. त्यांच्या मनात येत होतं, की ज्यानं खरंच पत्रे दिले तो माणूसही इथेच कुठेतरी असेल. आज त्याच्याही मागची भिवाजीची चौकशी सुटली. एका शर्टाखाली दोघांची दानं झाकली गेली, हे एकपरीनं बरंच झालं.

शेजारी मिराबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मोबाईल होता, त्यावर आता रोज सकाळी चहाची ती हाक ऐकून झाली की पोथी वाचली जाई. आरतीचा घोष थांबला तेव्हा त्या आपल्याशीच पुटपुटल्यासारख्या म्हणाल्या, "एक पत्रा उडाला म्हणून सांगून राहिला भिवाजी. उडंल कसा? बत्तीसच तर व्हते."

द्वारकाबाईंनी वळून पाहिलं. मिराबाईंना चार हातांवरचा माणूस ओळखू येत नव्हता. मान वर करून पत्रे मोजणं तर लांबच. टेम्पो नांदेडहून आला होता, आणि नांदेडला मिराबाईंचा भाऊ होता.

द्वारकाबाईंनी प्रसादाचा खडीसाखरेचा खडा मिराबाईंच्या हातावर ठेवला, त्यांना हाताला धरून उठवलं आणि मंडपाबाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "मिराबाई, चहा झाला का?"

मिराबाई थबकल्या. मांडीवरून उचललेला मोबाईल त्यांनी कानाशी नेला. तो बंद होता. मग त्यांनी द्वारकाबाईंच्या तोंडाच्या दिशेनं पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तू व्हय?"

"चला," द्वारकाबाई म्हणाल्या, "साखर जरा जास्त घालते."